बंद पडलेल्या कॉम्प्युटरच्या जुन्या हार्ड डिस्कमधून फायली कशा काढाव्यात?

प्रश्न थोडक्यात असा: वडिलांचं डीटीपीचं छोटं दुकान होतं. त्यांचा २००९ च्या सुमाराचा असेंबल केलेला कॉम्प्युटर काही वर्षं तसाच पडून होता. आता बटण दाबलं तर पंखासुद्धा फिरत नाही. आत दोन हार्ड डिस्क आहेत. एक ३२० जीबीची, दुसरी त्याहून जुनी, ४० जीबीची, रुंद पट्टीसारख्या केबलची. त्यांत लग्नपत्रिका, दिवाळी अंकाची पानं, टॅलीचे हिशेब आणि घरचे फोटो आहेत. दुरुस्तीवाला म्हणतो, ‘डिस्क गेली असेल, फॉरमॅट मारून बघू.’ काय करावं?

उत्तर: सगळ्यात आधी, फॉरमॅट मारू देऊ नका. पंखा फिरत नाही याचा अर्थ वीज आत पोचत नाहीये. म्हणजे एसएमपीएस (आतल्या भागांना वीज पुरवणारा डबा) गेला असेल, नाहीतर मदरबोर्ड (सगळे भाग जोडणारं मुख्य सर्किट). अशा जुन्या मशीनमध्ये कपॅसिटर (सर्किटवरचे नळकांड्यासारखे छोटे भाग) पुष्कळदा फुगलेले असतात, ते उघड्या डोळ्यांना दिसतात. पण यातून डिस्कबद्दल काहीच कळत नाही. तिला वीजच मिळालेली नाही, मग ती गेली की आहे हे कोणी पाहिलं? डिस्क काढून दुसऱ्या मशीनला लावून बघेपर्यंत ‘डिस्क गेली’ हा नुसता अंदाज.

आणि फायली काढायला तो कॉम्प्युटर जिवंत व्हायलाच हवा असं नाही. उलट तो जिवंत करायचा खटाटोप डिस्क आत जोडलेल्या असताना करूच नका. बिघडलेला एसएमपीएस १२ व्होल्टच्या वायरीवर भलताच दाब सोडू शकतो आणि मग खरोखरच डिस्कचं सर्किट जळतं. कॅबिनेट उघडा, कोणती केबल कुठे आहे याचा मोबाइलवर फोटो काढा, दोन्ही डिस्क बाहेर घ्या. प्रत्येकीच्या लेबलचाही फोटो काढून ठेवा: मॉडेल नंबर, फर्मवेअर (डिस्कच्या आतलं तिचं स्वतःचं सॉफ्टवेअर), तारीख. पुढे डेटा काढून देणाऱ्या लॅबमध्ये जायची वेळ आली तर पहिला प्रश्न हाच येतो.

पुढचं सगळं एका नियमावर चालतं. मूळ डिस्कवर एक अक्षरही लिहिलं जाता कामा नये, आणि ती शक्यतो एकदाच, सुरुवातीपासून शेवटपर्यंत वाचायची. नियम सोपा वाटतो, पण विंडोजला तो मान्य नाही. ती डिस्क दुसऱ्या कॉम्प्युटरमध्ये लावून तिच्यावरूनच मशीन सुरू केलं, तर जुनी विंडोज नवे ड्रायव्हर शोधू लागेल, पेजफाइल (विंडोजची तात्पुरती कामाची फाइल) लिहील, कदाचित चेकडिस्क हा डिस्क दुरुस्त करणारा प्रोग्रामही चालवेल. चेकडिस्कचं काम फाइल सिस्टिम, म्हणजे कोणती फाइल कुठे आहे याची नोंद, सुसंगत करणं हे आहे, तुमच्या फायली वाचवणं हे नाही. जे जुळत नाही ते ती कापून टाकते. म्हणून डिस्क नेहमी दुय्यम म्हणून, चालू स्थितीतल्या दुसऱ्या मशीनला बाहेरून जोडायची. जोडल्यावर ‘ही डिस्क वापरण्यापूर्वी फॉरमॅट करावी लागेल’ अशी चौकट आली तर कॅन्सल. विंडोजमधल्या डिस्क मॅनेजमेंट या चौकटीने ‘इनिशियलाइझ’ करू का विचारलं तर त्यालाही कॅन्सल.

जोडायची कशी? ३२० जीबीची डिस्क साटा असणार: एल आकाराच्या खाचेचे दोन चपटे कनेक्टर, डेटाचा ७ पिनांचा आणि विजेचा १५ पिनांचा. तिच्यासाठी यूएसबी-साटा अडॅप्टर घ्या, पण वेगळा १२ व्होल्टचा चार्जर असलेलाच. साडेतीन इंची डिस्क फिरवायला १२ व्होल्ट लागतात आणि ते यूएसबीतून मिळत नाहीत. लॅपटॉपची अडीच इंची डिस्क मात्र ५ व्होल्टवर चालते. लोक तिच्यासाठीचा स्वस्त अडॅप्टर आणतात, मोठी डिस्क जोडतात, ती हलतही नाही आणि मग ‘डिस्क मेली’ म्हणून रडत बसतात. ४० जीबीची डिस्क आयडीई म्हणजे पाटा: ४० पिनांची रुंद केबल आणि विजेचा चार पिनांचा मोलेक्स. दोन्ही प्रकार घेणारा अडॅप्टर मिळतो. मुंबईत लॅमिंग्टन रोडवर चौकशी करा किंवा ऑनलाइन मागवा. आयडीई डिस्कच्या मागे पिनांवर एक इवलासा जंपर (दोन पिना जोडणारी टोपी) असतो. एका केबलवरच्या दोन डिस्कांत पहिली कोणती (मास्टर) आणि दुसरी कोणती (स्लेव्ह) हे तो ठरवतो. तो स्लेव्हवर असेल तर पुष्कळ अडॅप्टर डिस्क ओळखतच नाहीत. लेबलवरचं चित्र बघून तो मास्टरवर करा. कनेक्टर बसवताना जोर लावू नका, त्या पिना एकदा वाकल्या की चिमट्याने सरळ करताना तुटतात.

आता वीज द्या आणि कान लावा. डेटा केबल न जोडता, नुसती वीज. निरोगी डिस्क हळूहळू वेग पकडते, हेडची (डेटा वाचणाऱ्या टोकाची) एक-दोनदा हलकी खुडबुड होते आणि मग एकसुरी घरघर राहते. पाच-दहा सेकंदांत हे झालं तर बहुतेक काम झालंच समजा. घड्याळाच्या लंबकासारखी ठरावीक टिक-टिक येत राहिली आणि मग डिस्क थांबली, तर हेडला प्लॅटरवरच्या, म्हणजे आतल्या फिरत्या तबकडीवरच्या, खुणा वाचता येत नाहीयेत. तिथल्या तिथे वीज काढा. ‘अजून एकदा बघू’ यातच हेड प्लॅटरवरचा थर खरवडतो, आणि खरवडलेला भाग जगातल्या कुठल्याही लॅबमध्ये परत येत नाही. बारीक बीप-बीप येत असेल तर मोटर फिरायचा प्रयत्न करते आहे पण अडकली आहे. तिलाही थांबवा. काहीच आवाज नाही, थरथरही नाही, तर दोष बहुधा खालच्या हिरव्या सर्किटमध्ये आहे.

या शेवटच्या प्रकारात घरी करता येण्यासारखं एक काम आहे. कोकणात किंवा मुंबईच्या दमट हवेत पडून राहिलेल्या डिस्कमध्ये सर्किटखालचे संपर्कबिंदू काळे पडतात. सर्किटचे स्क्रू साध्या फुलीचे नसतात, सहा कोनी टॉर्क्स असतात, तो पेचकस लागतो. सर्किट सोडवून ते बिंदू शाळेच्या पांढऱ्या खोडरबराने हलक्या हाताने पुसा, कचरा फुंकून काढा, परत बसवा. डिस्कचं झाकण इथे उघडत नाही, फक्त बाहेरचं सर्किट सुटतं. फिरणाऱ्या पण ओळख न देणाऱ्या डिस्कसुद्धा कधी कधी एवढ्याने बोलू लागतात.

मात्र ‘तशाच मॉडेलचं दुसरं सर्किट आणून बसवा’ हा सल्ला ऐकू नका. फार जुन्या डिस्कांत ते जमत असे. पुढच्या डिस्कांत प्रत्येक डिस्कची स्वतःची जुळणी सर्किटवरच्या एका चिपमध्ये लिहिलेली असते. ती चिप जुन्या सर्किटवरून काढून नव्यावर डकवल्याशिवाय डिस्क स्वतःलाच ओळखत नाही. डिस्क फ्रीजरमध्ये ठेवायचा प्रकारही असाच. बाहेर काढल्यावर प्लॅटरवर दव धरतं आणि त्यावरून हेड जातं. आणि झाकण तर उघडूच नका. फिरताना हेड प्लॅटरपासून अवघ्या काही नॅनोमीटरवर तरंगत असतं. माणसाचा केस त्याच्या हजारो पट जाड असतो आणि हवेतला धुळीचा कणसुद्धा त्या फटीपुढे डोंगर आहे.

आवाज ठीक असेल तर यूएसबी जोडा. एक्सप्लोररमध्ये घाईने शिरू नका, आधी डिस्क मॅनेजमेंट उघडा. आकार बरोबर दिसतो का बघा. ३२० जीबीची डिस्क विंडोजमध्ये २९८ जीबी दिसते, ते हिशेबाच्या फरकामुळे, त्यात बिघाड नाही. आकार शून्य किंवा भलताच दिसला तर डिस्कला स्वतःचं फर्मवेअर वाचता आलेलं नाही. हे दुखणं सॉफ्टवेअरने बरं होत नाही. तुमच्याच डिस्कच्या काळातलं उदाहरण द्यायचं तर सीगेटच्या ७२००.११ मालिकेत फर्मवेअरचा दोष होता. धडधाकट डिस्क एके दिवशी सुरू केल्यावर दिसेनाशी व्हायची. कंपनीने जानेवारी २००९ मध्ये तो दोष मान्य करून नवं फर्मवेअर दिलं. आतला डेटा शाबूत असे, पण अडकलेली डिस्क सोडवायला जाणकार लागे. लेबलवर ही मालिका दिसली तर लॅबवाल्याला आवर्जून सांगा.

आकार बरोबर असेल तर क्रिस्टलडिस्कइन्फो हे मोफत सॉफ्टवेअर चालवून स्मार्टचे, म्हणजे डिस्क स्वतःच्या तब्येतीची जी नोंद ठेवते तिचे, आकडे बघा. पाच क्रमांकाचा, १९७ चा आणि १९८ चा. तिन्ही शून्य असतील तर डिस्क धडधाकट समजून सरळ कॉपी करायला हरकत नाही. १९७ मध्ये काही दिसलं तर वाचता न येणारे सेक्टर (डेटाचे छोटे कप्पे) आहेत. मग एकेक फाइल ओढत बसू नका. एक्सप्लोररमध्ये फोटोंचं फोल्डर उघडलं की विंडोज लघुचित्रं बनवण्यासाठी प्रत्येक फोटो वाचत सुटते, खराब सेक्टरवर अडते, पुन्हा प्रयत्न करते, पुन्हा अडते. दुबळ्या डिस्कची अखेर होते ती अशा वेळी. रोबोकॉपी ही विंडोजची कॉपी करायची आज्ञा वापरणाऱ्यांनीही सांभाळा. तिला पुनर्प्रयत्नांची मर्यादा घालून दिली नाही तर ती एका फाइलसाठी १० लाख वेळा, दर खेपेला ३० सेकंद थांबून, प्रयत्न करत राहते.

अशा डिस्कची प्रतिमा काढायची. म्हणजे फायली कुठे आहेत याचा विचारच न करता पहिल्या सेक्टरपासून शेवटच्या सेक्टरपर्यंत सगळं एका मोठ्या फाइलमध्ये उतरवून घ्यायचं. मी यासाठी डीडीरेस्क्यू वापरतो. मोफत आहे, आणि सिस्टिमरेस्क्यू नावाच्या लिनक्समध्ये ते आयतं असतं. रूफस या सॉफ्टवेअरने तिचा पेनड्राइव्ह बनवा, त्यावरून मशीन सुरू करा. याचं वैशिष्ट्य असं की ते अडणाऱ्या जागी झटापट करत नाही. आधी सोपा भाग भराभर उचलतं, अवघड जागा नोंदवहीत टिपून पुढे जातं आणि शेवटी फक्त त्या जागांकडे परत येतं. ती नोंदवही म्हणजे मॅपफाइल. ती दिल्याशिवाय काम सुरूच करू नका. मध्ये वीज गेली, डिस्क तापली म्हणून थांबवावी लागली, तरी ती असली की काम जिथे थांबलं तिथूनच सुरू होतं. आपल्याकडच्या विजेचा भरवसा बघता हे महत्त्वाचं आहे. पहिल्या फेरीत ‘स्क्रेप’ म्हणजे अवघड जागा एकेक सेक्टर करून वाचायचा टप्पा बंद ठेवा, दुसऱ्या फेरीत दोन-तीन पुनर्प्रयत्न द्या. मूळ डिस्क कोणती आणि लिहायची कोणती, हे आकार आणि सिरियल नंबर बघून दोनदा तपासा. इथे उलटापालट झाली तर कोऱ्या डिस्कची प्रतिमा वडिलांच्या डिस्कवर जाऊन बसेल.

प्रतिमा ठेवायला ५०० जीबीची जागा पुरेल, पण ती डिस्क एनटीएफएस किंवा एक्सफॅट असू द्या. फॅट३२ वर ४ जीबीपेक्षा मोठी फाइल मावत नाही. निरोगी ३२० जीबीला यूएसबी ३ वर तास-दीड तास लागतो, यूएसबी २ वर तीनएक तास. आजारी डिस्कला रात्रभर किंवा त्याहून जास्त. तिच्यावर टेबल फॅनचा वारा सोडा आणि ती हलवू नका.

प्रतिमा हाती आली की मूळ डिस्क बाजूला. आता चुका करायला मोकळीक आहे. डिस्कचे विभाग (सी, डी असे भाग) दिसत नसतील तर ते शोधणारं टेस्टडिस्क हे सॉफ्टवेअर प्रतिमेवर चालवा. फोल्डर दिसतात पण उघडत नाहीत, ‘परवानगी नाही’ म्हणतात, तर काळजी नको. जुन्या विंडोजच्या खात्याचे हक्क आजच्या विंडोजला ओळखीचे नाहीत, इतकंच. लिनक्समधून वाचलं की हा अडथळा येत नाही. फोल्डर रिकामं दिसतंय पण जागा व्यापलेली आहे, तर तो बहुधा पेनड्राइव्हमधून आलेला जुना व्हायरस आहे. डीटीपीच्या दुकानात दिवसभर गिऱ्हाइकांचे पेनड्राइव्ह लागायचे, त्या काळात खरी फोल्डरं लपवून त्यांच्या नावाच्या .ईएक्सई फायली ठेवणारे व्हायरस घरोघरी होते. लपलेल्या फायली दाखवायची खूण करा आणि ‘संरक्षित सिस्टिम फायली लपवा’ ही खूण काढा. .ईएक्सई मात्र एकही उघडू नका.

फायली कुठे शोधायच्या? विंडोज एक्सपीमध्ये सी ड्राइव्हवर ‘डॉक्युमेंट्स अँड सेटिंग्ज’च्या आत खात्याच्या नावाखाली डेस्कटॉप आणि माय डॉक्युमेंट्स. विंडोज ७ मध्ये ‘यूजर्स’च्या आत. पण आपल्याकडे असेंबल करणारे डिस्कचे सी, डी, ई असे भाग पाडून द्यायचे आणि कामाचं सगळं डी, ई वर असायचं, तेव्हा तिथे आधी बघा. टॅलीचे हिशेब बहुधा टॅलीच्याच फोल्डरमधल्या ‘डेटा’त, पाच आकडी नावांच्या फोल्डरांत असतात. तिथे नसतील तर टॅलीची .आयएनआय फाइल नोटपॅडमध्ये उघडा, तिच्यात डेटाचा पत्ता लिहिलेला असतो.

तुमच्या बाबतीत खरा पेच मात्र यापुढे आहे, आणि रिकव्हरीवाले तो सांगत नाहीत. दिवाळी अंकाची फाइल सापडेल, उघडेल, आणि पानभर इंग्रजी अक्षरं आणि चिन्हांचा कचरा दिसेल. फाइल खराब झालेली नाही. त्या काळचे मराठी फॉन्ट, म्हणजे पुण्याच्या मॉड्युलरचं श्री-लिपी, आकृती, सी-डॅकचं आयएसएम, हे इंग्रजी अक्षरांच्या जागी देवनागरी आकार बसवून चालायचे. युनिकोड म्हणजे प्रत्येक लिपीच्या अक्षराला स्वतःचा क्रमांक देणारी पद्धत. तिच्यावरचा मंगल फॉन्ट विंडोज २००० बरोबरच आला होता, पण पानं लावायच्या पेजमेकर या सॉफ्टवेअरला युनिकोड कधीच समजलं नाही, म्हणून डीटीपीवाले जुन्या फॉन्टवरच राहिले. फॉन्ट नसेल तर त्या फाइलला ‘क’ म्हणजे काय तेच माहीत नाही. प्रत्येक कंपनीची मांडणीही वेगळी, त्यामुळे श्री-लिपीतला मजकूर आकृतीत वाचता येत नाही.

म्हणून नुसत्या फायली उचलू नका. सी ड्राइव्हवरच्या विंडोजमधलं ‘फॉन्ट्स’ फोल्डर आख्खं घ्या. सी वर ‘पीएसफॉन्ट्स’ नावाचं फोल्डर असेल तर तेही घ्या, त्यात पोस्टस्क्रिप्ट टाइप १ या जुन्या प्रकारचे फॉन्ट असतात. अडोबीने जानेवारी २०२३ पासून आपल्या सॉफ्टवेअरमधून टाइप १ चा आधार काढून घेतला, तेव्हा त्यांच्यासाठी जुनी आवृत्तीच लागेल. श्री-लिपी आणि आकृतीची फोल्डरंही उचला. कॅबिनेटच्या मागे किंवा टेबलाच्या खणात एखादं हार्डवेअर लॉक असेल, डोंगल म्हणतात ते, तर भंगारात देऊ नका. नुसतं पाहायला आणि छापायला फॉन्ट पुरतो, पण त्या सॉफ्टवेअरमध्ये टाइप करायला लॉक लागतं.

फोल्डरांची रचना जशीच्या तशी ठेवा. आवरायची घाई नको. पेजमेकर मोठे फोटो फाइलमध्ये घेत नाही, त्यांचा पत्ता तेवढा लिहून ठेवतो. तुम्ही फोटो ‘व्यवस्थित’ वेगळ्या फोल्डरात लावलेत की पानांवर धूसर चौकोन उरतात. पेजमेकरच्या ६.५ आणि ७ च्या फायली इनडिझाइन सीएस६ मध्ये उघडतात, पण पानाची मांडणी थोडी सरकते. मला जास्त खात्रीचा वाटणारा मार्ग असा: व्हर्च्युअलबॉक्समध्ये (कॉम्प्युटरच्या आत दुसरा कॉम्प्युटर चालवणारं सॉफ्टवेअर) एक्सपी घाला, इंटरनेट तोडून ठेवा, त्यात वडिलांचेच फॉन्ट आणि त्यांचाच पेजमेकर बसवा आणि तिथून प्रत्येक अंकाची पीडीएफ काढा. पीडीएफमध्ये फॉन्ट अंतर्भूत केला की पान कुठेही दिसेल. मजकूर युनिकोडमध्ये हवा असेल तर कन्व्हर्टर मिळतात. फॉन्टचं नेमकं नाव निवडावं लागतं आणि जोडाक्षरं, रफार, ऱ्हस्व वेलांटी डोळ्यांखालून घालावीच लागतात. कोरलड्रॉच्या पत्रिका त्यामानाने सोप्या, नवी आवृत्ती जुन्या फायली बहुधा उघडते. मूळ फाइल बिघडलेली निघाली तर शेजारची ‘बॅकअप ऑफ’ने सुरू होणारी फाइल बघा.

मधे कधी विंडोज नव्याने टाकली असेल तर सी वरचे जुने फोटो पुसले गेले असतील. त्यासाठी प्रतिमेवर फोटोरेक चालवा. ते फायलींच्या सुरुवातीची खूण ओळखून त्या उचलतं, त्यामुळे मूळ नाव आणि फोल्डर मिळत नाही, एफ आणि लांबलचक आकडे अशा नावांचा ढीग मिळतो. कॅमेऱ्याच्या फोटोंमध्ये काढल्याची तारीख आत लिहिलेली असते, तिच्यावरून ते लावता येतात. हीच गोष्ट नव्या लॅपटॉपच्या एसएसडीबाबत विचाराल तर आशा कमी. तिथे ट्रिम, म्हणजे पुसलेल्या जागा आपोआप रिकाम्या करणारी सोय, चालू असतं आणि पुसलेली फाइल थोड्याच वेळात खरोखर जाते. शिवाय नव्या विंडोजमध्ये बिटलॉकर (डिस्कला कुलूप घालणारी सोय) असेल तर ४८ आकडी किल्लीशिवाय कोणीच काही करू शकत नाही. ती बहुधा मालकाच्या मायक्रोसॉफ्ट खात्यात सापडते.

डिस्क टिक-टिक करणारी, अडकलेली किंवा चुकीचा आकार दाखवणारी निघाली तर लॅब. हेड बदलायचं काम दात्या डिस्कसकट, म्हणजे हेड काढून घ्यायला लागणाऱ्या दुसऱ्या डिस्कसकट, महाग पडतं, तेव्हा ४० जीबीवर नेमकं काय होतं ते वडिलांच्या ओळखीच्या एखाद्या गिऱ्हाइकाला विचारून मग ठरवा. लॅबला तीन गोष्टी विचारा: डिस्क इथेच उघडणार की पुढे पाठवणार, पैसे देण्याआधी सापडलेल्या फायलींची यादी दाखवणार का, आणि काही निघालं नाही तर तपासणीचे किती घेणार. पहिल्या प्रश्नाला सरळ उत्तर आलं नाही तर डिस्क उचला आणि निघा. कुरियर करायची असेल तर अँटिस्टॅटिक पिशवी आणि चारी बाजूंनी बबल रॅप. नुसत्या कागदात गुंडाळू नका.

सगळं निघालं की दोन वेगळ्या डिस्कवर प्रती करा. वेगवेगळ्या वर्षांची काही पानं, काही पत्रिका, काही फोटो उघडून बघा. टॅलीची कंपनी लोड होते का तेही पाहा. पीडीएफ काढून होईपर्यंत मूळ दोन्ही डिस्क, लेबल लावून, कपाटात राहू द्या.